केसाने गळा

मराठीत ‘केसाने गळा कापणे’ असा एक वाक्प्रचार आहे. गोड बोलून विश्वास मिळवायचा आणि समोरच्याला कळायच्या आत त्याचा घात करायचा. ज्याने हा शब्दप्रयोग पहिल्यांदा केला त्याच्या गावात हेअर क्लिनिक नक्कीच नव्हतं. तरी काय नेमकं बोलून गेला बघा!

आमच्या अलिबागकडे हल्ली या धंद्याच्या जाहिरातींचा नुसता सुळसुळाट झालाय. वडखळ सोडून पनवेलच्या रस्त्याला लागलं की फलक सुरू. डावीकडे उदास चेहऱ्याचा टकला, उजवीकडे तोच माणूस हसतोय आणि डोक्यावर रान माजलंय. रिक्षाच्या पाठीवर तेच, मोबाईल उघडला की तेच. एकदा चुकून कोणी ‘केस गळती’ एवढे दोन शब्द शोधले, की पुढचे तीन महिने ती जाहिरात भुतासारखी मानगुटीवर बसते.

गेल्या वर्षभरात आमच्या घरातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘पैसे भरू का?’ पहिला माझा भाचा, वय सव्वीस, कंपनीत कंत्राटावर, लग्नाचं बघतायत. दुसरी धाकटी वहिनी, वय चौतीस. तिसरा चुलतभाऊ, वय सेहेचाळीस, वाडी आहे, दोन खोल्या पर्यटकांना देतो. (तिघंही हे वाचणार आहेत, म्हणून नावं घातली नाहीत. घरातल्यांना कळेलच म्हणा! :) ) तिघं तीन वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन आले होते. तिघांचं दुखणं वेगळं होतं. आणि तिघांनाही उत्तर मात्र एकच मिळालं: पॅकेज. वर ‘ही सवलत फक्त आजच्यापुरती’.

माझं भांडण नेमकं इथे आहे. केस गेल्याचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्यावर औषधच नाही असंही म्हणत नाही. मी म्हणतो ते इतकंच: ज्याचे केस आपोआप परत येणार आहेत त्याला महागड्या पॅकेजची गरज नाही, आणि ज्याचे आपोआप येणार नाहीत त्याला या पॅकेजचा उपयोग नाही. मग ते आहे कोणासाठी? विकणाऱ्यासाठी!

आता एकेकाचं बघू. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण वाचता येतं आणि हिशेब येतो. या विषयात तेवढ्याने बरंच काम भागतं.

आधी वहिनी. तिला गणपतीत ताप भरला, डेंग्यू निघाला, आठ दिवस अंथरुणात होती. बरी झाली, कामाला लागली. आणि दिवाळीच्या सुमारास फणीत केसांचे पुंजके यायला लागले. न्हाणीघराच्या मोरीला केस, उशीवर केस, भाकरीच्या पिठात केस. बाई घाबरली. क्लिनिकमध्ये एका पांढऱ्या कोटातल्या मुलीने डोक्याला कॅमेरा लावून पडद्यावर टाळू दाखवली. आता मला सांगा, कोणाचीही टाळू पन्नास पट मोठी करून दाखवली तर ती ओसाड माळरानासारखी दिसणार नाही तर काय? मुळं कमकुवत झालीयेत, सहा महिन्यांचा कोर्स करा, छत्तीस हजार, हप्ते चालतील.

मंडळी, हे प्रकरण काय असतं ते समजून घ्या, कारण आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ताप न येणारं घर विरळा. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोनतीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. म्हणून धडधाकट माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस जातात. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, कडक उपास, अचानक वजन उतरणं असलं काही घडलं की शरीर एकदम खूप केसांना विश्रांतीला पाठवतं. ते गळतात मात्र दोनतीन महिन्यांनी. म्हणजे गणपतीतल्या तापाचे केस दिवाळीत गळतात. तोवर आपण ताप विसरलेलो असतो, आणि दोष येतो शाम्पूवर, बोअरच्या खाऱ्या पाण्यावर, नाहीतर नजर लागण्यावर. कोविडनंतर २०२० आणि २०२१ साली घरोघरी हेच झालं होतं, आठवत असेल. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका म्हणतात, बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात. बाळ हसतं दुसऱ्यातिसऱ्या महिन्यात. बायकांनी हिशेब बरोबर ठेवला होता, कारण तेवढं बाळाच्या हसण्यावर ढकललं.

आता गंमत पुढे आहे. ही गळती बहुतेकांची आपणहून थांबते. साधारण तीन ते सहा महिने जातात. मूळ जिवंत असतं, त्यातूनच नवा केस येतो. पण केस वाढतो महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर, त्यामुळे डोळ्यांना फरक दिसायला वेळ लागतो. दिवाळीत गळायला लागलेले केस शिमग्यापर्यंत गळायचे थांबतात आणि कपाळावर बारीक बारीक नवी लव दिसायला लागते. दिवाळीत घेतलेलं सहा महिन्यांचं पॅकेज कधी संपतं? शिमग्यानंतर! म्हणजे पाऊस पडायच्या दिवसांत पाऊस पाडायचे पैसे घ्यायचे, असा हा धंदा. गिऱ्हाईक खूश, क्लिनिकच्या भिंतीवर आणखी एक फोटो. फसवलं म्हणायलाही जागा नाही.

वहिनीला छत्तीस हजारांऐवजी काय लागलं? एक रक्ततपासणी. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं. यात नवल काही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. लोह कमी असणं, थायरॉईड बिघडणं ही केस गळण्याची साधी, सापडण्यासारखी कारणं आहेत. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. पण लोहाच्या गोळीला पॅकेज नसतं ना!

उलट ही पॅकेजं तपासणीच्या आड येतात, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. जवळजवळ प्रत्येक ‘किट’मध्ये बायोटिनची गोळी असते. ज्याच्या शरीरात बायोटिन खरोखरच कमी आहे त्याला तिचा उपयोग, आणि तशी माणसं क्वचितच असतात. पण मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉईडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली तसा इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यात करतात त्या तपासणीवरही परिणाम होऊ शकतो असं त्यात होतं. म्हणजे केस का गळतात ते शोधायला रक्त द्यायचं, आणि केसांसाठी घेतलेल्या गोळीनेच निकाल चुकवायचा. आता बोला! रक्त देण्याआधी अशी गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

कारण आधी आणि औषध नंतर, हा साधा नियम किती मोलाचा आहे याचं उदाहरण आपल्या राज्यातच ताजं आहे. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा वगैरे गावांत माणसांचे केस मुठीत यायला लागले. बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांचेच. चारपाच दिवसांत टक्कल! पोरांनी लाजेने डोकी भादरून घेतली. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर, मग शाम्पूवर. आयसीएमआरचं पथक आलं. आणि आपल्या महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर स्वतःच्या खर्चाने तिकडे गेले. ज्यांनी आपल्या कोकणात विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून शेकडो जीव वाचवले आणि ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, तेच हे बावस्कर. त्यांनी रक्त, लघवी, केस आणि घरातला रेशनचा गहू तपासून घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की त्या गव्हात सेलेनियम भलतंच जास्त होतं, आणि लोकांच्या रक्तात सेलेनियम वाढलेलं आणि जस्त कमी झालेलं होतं. पुढे अनेकांचे केस परत आले.

विचार करा, त्या वेळी त्या गावांत एखाद्या क्लिनिकने तंबू ठोकला असता तर? प्रत्येकी छत्तीस हजार, सहा महिन्यांचा कोर्स. केस परत आले की श्रेय बाटलीला. आणि गव्हाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

आता भाचा. याची गोष्ट वहिनीसारखी नाही. याचे केस मुठीने गळत नाहीत. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून भरती ओसरल्यासारखी मागे मागे चाललीयेत, आणि भोवऱ्याजवळ चकती पडायला लागलीय. त्याच्या आजोबांचं तसंच, मामाचं तसंच (म्हणजे माझंच!). हे शिमग्याला परत येणारे केस नव्हेत. त्याला पॅकेज सांगितलं पंच्याऐंशी हजारांचं. आठ वेळा रक्त काढून त्यातला पिवळा भाग डोक्यात टोचायचा, लेझरची टोपी, एक ‘स्पेशल सीरम’, एक तेल, गोळ्या. बारा हप्ते.

या प्रकारच्या टकलाची जन्मकथा वैद्यकाला बऱ्यापैकी माहीत आहे. १९४२ साली हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिलं की वयात येण्याआधी ज्यांची वृषणं काढावी लागली अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जायला लागतात. पुढे १९७४ साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं डीएचटीमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम जन्मतःच तोकडं होतं, आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. म्हणजे गुन्हेगार सापडला: डीएचटी. ते एन्झाइम अडवणारं औषध म्हणजे फिनास्टेराइड. आधी १९९२ साली प्रोस्टेटसाठी मान्यता मिळाली, आणि १९९७ साली छोट्या मात्रेत टकलासाठी. दुसरं औषध मिनॉक्सिडिल. तेही मूळचं रक्तदाबाचं. रोग्यांच्या अंगावर भलतीकडेच केस उगवायला लागले म्हणून कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, आणि १९८८ साली अमेरिकेत ते डोक्याला लावायचं औषध म्हणून आलं.

फिनास्टेराइडची १५५३ पुरुषांवरची चाचणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी औषध घेणाऱ्या शंभरातल्या ८३ जणांच्या भोवऱ्याजवळच्या केसांची संख्या घटली नव्हती. नुसती पिठाची गोळी घेणाऱ्यांत असे २८ होते. हे आकडे नीट वाचा. ‘घटली नाही’ असं आहे, ‘घनदाट झाले’ असं नाही. आहे ते टिकवणं, थोडंफार परत मिळवणं, एवढीच या औषधांची ताकद. बंद केली की काही महिन्यांत मिळवलेलं निघून जातं. म्हणजे ही औषधं आपल्या खारभूमीच्या बांधासारखी आहेत. बांध आहे तोवर खारं पाणी बाहेर. एका वर्षी दुरुस्ती चुकवली की शेत गेलं. सहा महिन्यांत ‘कायमचा इलाज’ असं यात काही नसतंच. जो तसं सांगतो त्याला एक तर विषय कळलेला नाही, किंवा फार चांगला कळलाय!

ही दोन्ही औषधं औषधाच्या दुकानात मिळतात. दोन्हींचा खर्च महिन्याला हजाराच्या आतबाहेर. स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. वीस वर्षं घ्यायचं म्हटलं तर हा आकडाही लाखांत जातो, हे भाच्याला मी आधी सांगितलं. आणि फिनास्टेराइड ही खोकल्याची गोळी नव्हे. काही थोड्या पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होणं, लैंगिक अडचणी येणं असे परिणाम होतात. आत्महत्येचे विचार येऊ शकतात हे युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ साली या औषधाच्या दुष्परिणामांत मान्य केलंय. गरोदर बाईने तर फुटक्या गोळीला हातही लावू नये असं सांगतात. म्हणून ती त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून, त्याच्याशी बोलून घ्यायची. दुकानदाराच्या किंवा मामाच्या सांगण्यावरून नाही.

आणि पंच्याऐंशी हजारांच्या पॅकेजातलं ते ‘स्पेशल सीरम’? बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. अशा बऱ्याच महागड्या किटांत शेवटी मिनॉक्सिडिलच निघतं. भाच्याच्या बाटलीवरही तेच होतं. म्हणजे गुण आला तर तो त्या साध्या औषधाचा, आणि बिल लेझरच्या टोपीचं. रक्त काढून टोचण्याच्या प्रकाराने काहींना फायदा झाल्याचे अभ्यास आहेत, पण ते किती वेळा करायचं, कसं बनवायचं, किती टिकतं यावर अजून एकमत नाही. ज्यावर एकमत नाही ते आधी आणि सगळ्यात महाग, आणि जे सिद्ध झालंय ते बाटलीत लपवून. हा कुठला न्याय?

आता चुलतभाऊ. त्याला केसांचं रोपण करायचंय. या बाबतीत मी पूर्ण विरोधात नाही, आणि त्याला तसं सांगितलंही. पण रोपण म्हणजे काय ते भातशेती करणाऱ्या माणसाला समजायला दोन मिनिटं पुरतात. आपण आधी राब भाजून रोपं करतो आणि ती उपटून खाचरात लावतो. लावणीने रोपं वाढत नाहीत, फक्त जागा बदलते. इथेही तसंच. मागच्या आणि बाजूच्या केसांवर डीएचटीचा जोर फारसा चालत नाही, म्हणून ते उपटून पुढे लावायचे. ते नव्या जागीही आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या ऑरेन्ट्राइख यांनी १९५९ साली मांडलं, आणि सगळा धंदा त्यावर उभा आहे. शास्त्र खरं आहे. पण राब केवढा आणि खाचर केवढं? मागचे केस मर्यादित, एकदा उपटले की तिथे पुन्हा उगवत नाहीत. आणि लावलेले टिकले तरी आजूबाजूचे जुने केस जायचे ते जातातच. म्हणजे चाळिशीत पुढे सुंदर रांग, पन्नाशीत तिच्या मागे मोकळं मैदान, मध्ये बेट! ते टाळायला बहुतेकांना गोळी आणि लोशन चालूच ठेवावं लागतं. हे फलकावर लिहिलेलं मी तरी कुठे पाहिलं नाही.

शिवाय ही शस्त्रक्रिया आहे, न्हाव्याकडचं काम नव्हे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत त्रेचाळीस वर्षांच्या एका व्यावसायिकाच्या डोक्यात एकाच बैठकीत नऊ हजारांवर केसमुळं लावली गेली, आणि पुढच्या दोन दिवसांत तो माणूस गेला. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लेखी सांगावं लागलं की हे काम रीतसर शिकलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचं. सांगावं लागलं याचाच अर्थ काय तो समजा. चुलतभावाला मी इतकंच म्हटलं, सुई कोणाच्या हातात असणार त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक आधी लिहून घे. केस टिकून राहिलेत का ते वर्षभर बघ. पैसे बाजूला असतील तर कर. वाडी गहाण टाकून नाही. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आपल्या नारळी पोफळी आडव्या झाल्या. पुन्हा लावलेला माड धरायला पाच-सात वर्षं लागतात. त्या माडाच्या पैशावर पहिला हक्क डोक्याचा नाही.

कायदा काय म्हणतो? कायदा गंमतीदार आहे. १९४५ च्या औषध नियमांत ‘जे’ नावाची एक अनुसूची आहे. जे रोग बरे करतो किंवा टाळतो असा दावा कोणत्याही औषधाने करायचा नाही त्यांची ती यादी. त्यात टक्कल आहे आणि ‘नवे केस उगवणे’ही आहे! जीएसटीत वैद्यकीय उपचारांना सूट आहे, पण केसांचं रोपण त्यातून नाव घेऊन वगळलंय. जन्मजात व्यंग किंवा अपघात असेल तरच सूट. म्हणजे कर घेताना सरकार म्हणतं हा उपचार नव्हे, आणि गिऱ्हाईकाला फलक म्हणतो हा उपचार आहे. केरळात त्रिशूरच्या ग्राहक आयोगाने २०२१ च्या सुरुवातीला एका केशवर्धक मलमाच्या कंपनीला आणि जाहिरात करणाऱ्या नटाला प्रत्येकी दहा हजारांचा दंड केला. नटाने कबूल केलं होतं की त्याने ते मलम वापरलेलंच नाही, तो आईने बनवलेलं तेल लावतो. :)

आता तेलाचं नाव निघालंच आहे तर आपल्या लोकांनाही सोडत नाही. ‘क्लिनिक कशाला, घरचं खोबरेल चोपडा’ असं सांगणाऱ्या मावश्या आत्या आमच्याकडेही आहेत. खोबरेल केसाच्या काडीत शिरतं आणि धुताना प्रथिनं वाहून जाण्याचं प्रमाण कमी करतं, असं २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी दाखवलं. (ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही लक्षात ठेवा.) म्हणजे आहे तो केस मऊ राहतो, कमी तुटतो. पण मूळ झोपलंय तिथे खोबरेलाची घागर ओतली तरी केस उगवणार नाही. छोट्या बाटलीतलं खोबरेल खायचं की डोक्याचं, हे ठरवायला सुप्रीम कोर्टाला डिसेंबर २०२४ उजाडला. कोर्ट म्हणालं, खायचं. तेव्हा वहिनी, सोलकढी आणि आमटीत घाला, डोक्याला थोडं लावा, आणि त्यातून चमत्कार मागू नका. कांद्याच्या रसाचंही तेच. आपला अलिबागचा पांढरा कांदा भाकरीबरोबर जितका शोभतो तितका डोक्यावर शोभत नाही.

पण खरं सांगू का, हा धंदा क्लिनिकवाल्यांनी एकट्याने उभारलेला नाही. त्यांना भांडवल आपण पुरवलंय. भाचा पंच्याऐंशी हजार कशासाठी भरायला निघाला होता? आरशासाठी नाही. मागच्या मे महिन्यात हळदीच्या मांडवात त्याला किती जणांनी ‘काय रे, चंद्र उगवला!’ म्हणून ऐकवलं ते मी कानांनी ऐकलंय. एका स्थळाकडून ‘मुलगा फोटोत होता त्यापेक्षा मोठा वाटतो’ असा निरोप आला, तो आपल्याच एका बाईने हसत हसत घरभर केला. बाळंतिणीला ‘केस किती गं विरळ झाले तुझे’ असं कोण म्हणतं? क्लिनिकवाला म्हणत नाही, आपण म्हणतो. तो फक्त दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसतो. ही लाज आपण फुकट वाटतो आणि तो तिचे पैसे करतो. कंत्राटावरच्या पोराचे सहा महिन्यांचे पगार अशा एका थट्टेत जातात, हे थट्टा करणाऱ्याच्या गावीही नसतं. ज्याचं काम आज आहे उद्या नाही, त्याच्या मानेवर बारा हप्ते चढवणं हे केसाने गळा कापणं नाही तर काय?

अनुपम खेरने ‘सारांश’मध्ये म्हातारा उभा केला तेव्हा, १९८४ साली, तो तिशीचाही नव्हता. डोक्यावर केस नव्हते. पुढे काय झालं ते आपण चाळीस वर्षं बघतोय. सगळेच नट होत नाहीत, मान्य. पण आपल्या कोळीवाड्यातले, वाडीतले निम्मे पुरुष टोपीखाली तेच घेऊन आयुष्य काढतात, घरं बांधतात, पोरं वाढवतात. त्यांचं कोणाचं त्यामुळे काही अडलेलं मी पाहिलेलं नाही.

तेव्हा नातेवाईक मंडळी, आणि इथे नेहमी येणारे तुम्ही सगळे, पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा.

१. माझे केस नेमके कशामुळे जातायत, आणि हे सांगणारा माणूस डॉक्टर आहे का? ‘काउन्सेलर’ म्हणजे विक्रेता. त्वचारोगतज्ज्ञाची एक भेट आणि रक्ताची तपासणी पॅकेजच्या पहिल्या हप्त्यापेक्षा स्वस्त पडते.

२. काहीच केलं नाही तर सहा महिन्यांनी काय होईल? याचं उत्तर जो देत नाही त्याचं औषधही घेऊ नका.

३. बंद केल्यावर काय होईल, आणि बाटलीत औषध कुठलं आहे? नाव लिहून मागा.

आणि चकत्या चकत्यांनी केस जात असतील, टाळू दुखत किंवा खाजत असेल, खपल्या धरत असतील, तर मात्र वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडे जा. त्यातले काही आजार केसांचं मूळच मारतात, तिथे उशीर महाग पडतो.

इतकं करून, सगळं समजून, एखाद्याने गोळी घ्यायची ठरवली तर त्याला हसू नका. कोणी काहीच न करता डोकं भादरून मोकळा झाला तर त्यालाही हसू नका. दोघांनीही स्वतःच्या डोक्याचा निर्णय स्वतःच्या डोक्याने घेतलाय.

असो. लेख जरा लांबलाच, पण बरेच दिवस मनात खदखदत होतं. भाच्याने पॅकेज रद्द केलं की नाही ते मी इथे सांगणार नाही, तो त्याचा प्रश्न. बाकी कोणी पैसे भरायच्या विचारात असेल तर आधी मला फोन करा. रात्री अकरापर्यंत जागाच असतो.